स्पॉन्सरशिप टाकतोय, पण मी काम कधी करू?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, ते जरा कापून देतेय, त्यात घरातलं बरंच होतं ते माझ्यापाशीच ठेवलंय.

"ताई नमस्कार, मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिजिटर व्हिसावर कॅनडात मिसिसागाला आले. नवरा पीआर (इथला कायमचा रहिवासी) आहे. सध्या नणंदेच्या बेसमेंटमध्ये राहतो. पासपोर्टवर नुसता शिक्का आहे, कधीपर्यंत राहायचं ते लिहिलेलं नाही. स्पॉन्सरशिपची, म्हणजे नवऱ्याने मला पीआर करून घ्यायची, फाइल तयार आहे, पुढच्या आठवड्यात टाकणार. कन्सल्टंट म्हणतो इनलँडच (कॅनडात राहून करायचा अर्ज) टाका, आउटलँडला (बाहेर राहणाऱ्यांसाठीचा, पण इथूनही टाकता येतो तो) वर्क परमिट मिळत नाही, आणि दीड हजार डॉलर दिलेत तर तीस दिवसांत परमिटची गॅरंटी. नणंद म्हणते तोपर्यंत ओळखीच्या किचनमध्ये कॅशवर लाग. पुण्यात सहा वर्षं प्लेग्रुपला शिकवत होते, स्वतःचा पगार होता, आता भाजी आणायची तरी ह्याचं कार्ड घ्यावं लागतं. तो काही बोलत नाही, मलाच कसंतरी होतं. मैत्रिणीला तिचा नवरा इथे शिकत असताना लगेच परमिट मिळालं होतं, मग मला का नाही? त्यात बाबांची बायपास ठरतेय, ऑगस्टमध्ये पुण्याला जावं लागेल कदाचित. काय करू?"

अगं, आधी तो पासपोर्ट उघड आणि शिक्क्यावरची तारीख बघ. ऑफिसरने हाताने वेगळी तारीख लिहिली नसेल तर आल्या दिवसापासून सहा महिने, एवढाच हिशोब असतो. म्हणजे तुझे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात. व्हिसावर जी लांबची तारीख छापलेली असते ती कॅनडात शिरायची मुदत, राहायची नाही, आणि इथेच निम्मी जनता फसते. नवऱ्याने फाइल टाकली म्हणून तुझा स्टेटस आपोआप वाढत नाही, पीआरची फाइल तिच्या जागी आणि तुझं इथे राहणं त्याच्या जागी. तेव्हा कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनने लिही, आणि तिच्याआधी काय काय व्हायला हवं ते मी खाली सांगते.

आता इनलँड आउटलँड. कन्सल्टंटने सांगितलं ते एकेकाळी खरं होतं, खोटं नाही म्हणणार मी. डिसेंबर २०१४ मध्ये इनलँडवाल्यांसाठी ओपन वर्क परमिटचा (कुठल्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्याचा) प्रायोगिक पायलट सुरू झाला आणि मग कितीतरी वर्षं तो फक्त त्यांनाच होता, आउटलँड टाकलं की इथे बसून राहा. मी २०१६ साली ह्याच गणितापायी इनलँड टाकलं होतं. पण मे २०२३ मध्ये सरकारने ते बदललं, आता तू कॅनडात नवऱ्याबरोबर राहत असशील तर फॅमिली क्लासमधून म्हणजे आपण ज्याला आउटलँड म्हणतो त्यातून टाकलंस तरी ओपन वर्क परमिट मागता येतं. आणि तीस दिवसांचं म्हणशील तर मला वाटतं तो आकडा त्याच वेळच्या घोषणेतून उचललाय, तेव्हा जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसा बहुतेक करून तीस दिवसांत निकालात काढू असं सरकार म्हणालं होतं. व्हिसा! परमिट नाही. दोन गोष्टींची खिचडी करून दीड हजार डॉलरला विकतोय तो.

तुझ्या बाबतीत मी आउटलँडच म्हणेन, आणि कारण बाबा. इनलँडची अटच ही की तू इथे स्पॉन्सरबरोबर राहायचंस, मधेच भारतात गेलीस आणि परत येताना एअरपोर्टवर ऑफिसरने अडवलं तर फाइलच कोसळू शकते. वर रिजेक्ट झाली तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येत नाही. फॅमिली क्लासमध्ये अपील आहे, आणि तू मधे बाहेर असलीस म्हणून फाइल मरत नाही. आईवडिलांचं ऑपरेशन तोंडावर असताना माणसाने स्वतःला बांधून कशाला घ्यायचं? माझ्या वेळी आजी गेली तेव्हा मी स्कारबरोच्या फ्लॅटमध्ये फोन कानाला लावून बसले होते, तिकीट काढायची हिंमत झाली नाही. तेव्हा पर्याय नव्हता, तुला आहे.

तर क्रम असा धर. फाइल इमिग्रेशनच्या पोर्टलवर आधी टाकून मोकळी हो, उगाच अजून एक फोटो अजून एक चॅट म्हणत बसू नकोस. मग त्यांच्याकडून एओआर येईल, म्हणजे तुमची फाइल पूर्ण आहे आणि आम्ही ती घेतली असं सांगणारं पत्र. पोर्टलवर सबमिट केल्याबरोबर जी पोच येते ती एओआर नव्हे बरं का, त्या पोचेवर परमिटचा अर्ज टाकणारे महाभाग मी पाहिलेत. एओआर यायला किती दिवस लागतात ते महिन्यामहिन्याला बदलतं, कागद कमी निघाला तर सगळी फाइल परत येते आणि तू पुन्हा रांगेच्या शेवटी. म्हणून परमिटची घाई असलेल्या माणसाने खरी मेहनत त्या पहिल्या फाइलवर करायची असते, एक सही राहिली तरी दोन महिने गेले असं समज.

एओआर हातात आला की ऑनलाइनच आयएमएम ५७१० फॉर्म भरायचा, तोच जो मुदत वाढवायला आणि अटी बदलायला वापरतात, त्यात ओपन वर्क परमिट निवडायचं. फी १५५ डॉलर आणि ओपन परमिटचे वरचे १००, मिळून २५५. बायोमेट्रिक्स मागितले तर ८५ वेगळे. जॉब ऑफर लागत नाही, एलएमआयए (बाहेरचा माणूस घ्यायला कंपनीने काढायची सरकारी मंजुरी) लागत नाही, कंपनी शोधावी लागत नाही. सोबत एओआर, लग्नाचं सर्टिफिकेट, नवऱ्याचं पीआर कार्ड, पासपोर्टची पानं आणि तुम्ही दोघं एकाच पत्त्यावर राहता ह्याचा पुरावा. तो शेवटचा पुरावा तुला अवघड जाईल, कारण बेसमेंट नणंदेचं, लीज नाही, हायड्रोचं (विजेचं) बिल तिच्या नावावर. तर नणंदेकडूनच एक पत्र लिहून घे की हे दोघं अमुक तारखेपासून माझ्या घरी राहतात, ते नोटरी कर, बँकेत जॉइंट खातं उघडून त्याची स्टेटमेंट ह्या पत्त्यावर येऊ दे, फोनचं बिल तुझ्या नावावर घे. (किचनमध्ये कॅशवर लाग म्हणण्यापेक्षा नणंदबाईंनी ही मदत केली तर जास्त उपयोग होईल, असं माझ्या नावावर सांग हवं तर.)

आणि जर तू पुण्याला गेलीच नाहीस, आणि ऑगस्ट संपत आला तरी एओआर नाही, तर काय? तर गप्प बसायचं नाही. शिक्क्याची मुदत संपायच्या आत व्हिजिटर म्हणूनच मुदतवाढीचा अर्ज टाकायचा, १०० डॉलर. मुदतीच्या आत टाकलास की उत्तर येईपर्यंत तू इथे कायदेशीर राहतेस, ह्याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात, जुनी मंडळी इम्प्लाइड म्हणतात. पण व्हिजिटरचा मेंटेन्ड स्टेटस म्हणजे व्हिजिटरच, त्यात काम करता येत नाही. परमिटचा अर्ज टाकलाय, पोच आलीय, म्हणून कामाला लागले असं करणाऱ्या दोघीजणी मला माहीत आहेत. अर्ज म्हणजे परमिट नव्हे गं! तारीख चुकलीच तर ९० दिवसांत रिस्टोरेशन (गेलेला स्टेटस परत द्या असं) मागता येतं पण ते पैशाचं आणि जिवाचं दोन्हीचं नुकसान, तिथपर्यंत जाऊच नकोस.

पुण्याला गेलीस तर उलट थोडं सोपं होतं. परत येशील तेव्हा नवीन एंट्री, बहुतेक नवीन सहा महिने, तोपर्यंत एओआरही आलेला असू शकतो. फक्त तुझा व्हिसा मल्टिपल (पुन्हा पुन्हा येता येणारा) आहे ना आणि तारीख शिल्लक आहे ना ते आजच बघ. एअरपोर्टवर विचारलं तर खरं सांग, नवरा इथे आहे, पीआरची फाइल टाकलीय, निकाल विरोधात लागला तर परत जाईन. तात्पुरतं राहायला येणं आणि कायमचं राहायची इच्छा असणं ह्या दोन्ही गोष्टी एका वेळी असू शकतात असं इथला कायदाच म्हणतो, ड्युअल इंटेंट म्हणतात त्याला. "मावशीला भेटायला आलेय" वगैरे नाटकं करायची नाहीत. खोटं पकडलं गेलं तर मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा ठपका, आणि त्याची शिक्षा पाच वर्षं कॅनडाबंदी. ऑफिसर अडवणारच नाही असं मी लिहून देणार नाही, तो त्याचा अधिकार आहे. नवऱ्याला मात्र लांबच्या मुक्कामाला नेऊ नकोस, तो नागरिक नाही पीआर आहे, स्पॉन्सर करताना त्याने कॅनडात राहायला हवं. आठ पंधरा दिवस ठीक.

हो, आणि परमिट मिळाल्यावर सुद्धा हे विसरू नकोस की वर्क परमिट म्हणजे व्हिसा नाही. व्हिसा संपला असेल आणि तू भारतात गेलीस तर नुसत्या परमिटवर विमानात बसू देणार नाहीत.

मैत्रिणीचं आता. तिला मिळालं ते वेगळं परमिट गं, नावं सारखी म्हणून घोटाळा होतो, दोन्हीला लोक स्पाउस ओपन वर्क परमिटच म्हणतात. तिचं परमिट नवऱ्याच्या स्टडी परमिटवर उभं होतं, त्यात स्पॉन्सरशिपचा संबंधच नाही. आणि तोही दरवाजा आता बराच बंद झालाय, २१ जानेवारी २०२५ पासून नवरा किंवा बायको किमान सोळा महिन्यांच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा ठराविक प्रोफेशनल कोर्सला असेल तरच. वर्क परमिटवाल्यांच्या जोडीदारांनाही तसंच, वरच्या दर्जाची नाहीतर यादीतली ठराविक नोकरी हवी आणि परमिटचे निदान सोळा महिने शिल्लक हवेत. तुझा नवरा पीआर झाला त्या दिवशी हा रस्ता तुझ्यासाठी संपला. ब्रिजिंग परमिटचंही (पीआरचा निकाल येईपर्यंत काम चालू ठेवायचं) कोणीतरी सुचवेल, ते एक्स्प्रेस एंट्रीसारख्या, म्हणजे शिक्षण आणि नोकरीच्या जोरावर पीआर मागणाऱ्या इकॉनॉमिक फाइलवाल्यांचं, आपलं नाही. आणि रेनबो ब्रिजवर (नायगाराजवळच्या अमेरिकेच्या बॉर्डरवर) जाऊन गाडी वळवून तासाभरात परमिट घेऊन आलो ह्या गोष्टी सांगणारे काका प्रत्येक गेट टुगेदरला भेटतात, त्यांना सांग २३ डिसेंबर २०२४ पासून बॉर्डरवर असं फ्लॅगपोलिंग करून वर्क परमिट देणं बंद केलंय. एखादी कंपनी एलएमआयए काढून तुला घेत असेल तर तो रस्ता कागदावर आहे, पण त्यासाठी कंपनी सरकारला हजार डॉलर भरते, आधी जाहिरात देऊन इथला माणूस मिळत नाही हे दाखवते, प्लेग्रुपच्या शिक्षिकेसाठी कोणी एवढं करेल असं मला नाही वाटत. आणि ते हजार डॉलर कोणी तुझ्याकडूनच मागितले तर तिथून उठून ये.

कॅशच्या कामाबद्दल मी रागावणार होते पण तुझं ते भाजीचं वाक्य वाचलं आणि राग गेला. तरी ऐक. परमिटशिवाय काम केलंस आणि ते उघडकीस आलं तर काम थांबवल्यापासून सहा महिने जाईपर्यंत नवीन वर्क परमिट देऊ नये असा नियमच आहे. म्हणजे सहा आठवड्यांच्या कांदा चिरण्यापायी सहा महिने घरी. पीआर तेवढ्यावरून जाईलच असं नाही, जोडीदारांच्या बाबतीत तिथे थोडं मन मोठं ठेवलंय, पण फॉर्ममध्ये तुला दहा वर्षांचा हिशोब महिन्यामहिन्याचा द्यायचाय, तिथे काय लिहिशील? खरं लिहिलंस तर परमिट अडकतं, खोटं लिहिलंस तर वरची पाच वर्षं. शिवाय किचनवाल्याने महिनाभर राबवून पैसेच दिले नाहीत तर तक्रार करायला तू कुठल्या तोंडाने जाणार, हे त्यालाही माहीत असतं. माझ्या ओळखीतल्या एकीचे असेच बाराशे डॉलर बुडाले, अजून ती त्या रस्त्याने जात नाही.

आणि काम म्हणजे फक्त किचन नाही. टिफिन करून विकणं काम आहे, शेजारच्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळणं काम आहे. कायद्यातली व्याख्या अशी की पगार किंवा कमिशन मिळतं ते काम, आणि पैसे नाही मिळाले तरी इथल्या माणसाची नोकरी हिरावणारं असेल तर तेही काम. म्हणून "फुकट ट्रेनिंगला ये, परमिट आलं की पगार चालू" ह्यालाही भुलू नकोस. मंदिरात पोळ्या लाटायला जा, ते चालतं. भारतातल्या कंपनीचं काम ऑनलाइन करत असशील, मालक तिकडे, पगार तिकडच्या खात्यात, तर त्याला इमिग्रेशनवाले इथलं काम धरत नाहीत. तुझ्या जुन्या शाळेने वर्कशीट बनवायचं नाहीतर पालकांचे ऑनलाइन सेशन घ्यायचं काम दिलं तर विचारून बघ की, पैसे कमी असतील, पण तुझे असतील. टॅक्सचं मात्र वेगळं बघावं लागेल, ते नवऱ्याच्या अकाउंटंटला विचार.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे कन्सल्टंटने सांगितलंच नसणार. ओपन म्हणजे सगळंच ओपन नसतं. मेडिकल झालेलं नसेल तर परमिटवर खाली बारीक अक्षरात अट छापून येते की लहान मुलं सांभाळायचं, प्रायमरी सेकंडरी शाळेत शिकवायचं आणि आरोग्य सेवेतलं काम करता येणार नाही. म्हणजे बरोबर तुझंच क्षेत्र! माझ्या बेसमेंटच्या वरच्या मजल्यावर एक केरळची नर्स राहायची, तिने परमिट आल्यावर केक आणला, कापला, आणि मग कोणीतरी कागद नीट वाचला. केक तसाच राहिला टेबलावर. पीआरच्या फाइलसाठी मेडिकल करावंच लागतं, तर ते वेळेत पॅनेलवरच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या यादीतल्या डॉक्टरकडून करून घे (आपला फॅमिली डॉक्टर चालत नाही), त्याच्या कागदावर जो मेडिकलचा नंबर येतो तो ५७१० च्या अर्जाला जोड, आणि एका पानाचं पत्र लिही की मी लहान मुलांच्या क्षेत्रात काम करणार आहे, मेडिकल झालंय, अट लावू नका. अट लागून आलीच तर ती काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा वाट.

पासपोर्ट किती दिवस शिल्लक आहे? परमिट साधारण दोन वर्षांचं देतात पण पासपोर्टच्या पुढे जात नाही. माझा आठ महिने शिल्लक होता, परमिट आठ महिन्यांचं आलं, आणि ते मला पाकीट फोडल्यावर कळलं. आणि नावाचं बघ. आपल्याकडे लग्न झालं की वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव नवीन, म्हणजे तीनातली दोन नावं बदलतात, इथल्या क्लार्कला ती वेगळीच बाई वाटते. फाइल चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नकोस, सगळे फॉर्म पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने भर आणि आधीची नंतरची नावं जिथे विचारलीत तिथे सगळी लिही. लग्नाचं सर्टिफिकेट नुसतं मराठीत असेल तर सर्टिफाइड ट्रान्सलेशन लागेल, आणि ते नवऱ्याने किंवा नणंदेने केलेलं चालत नाही, कितीही छान इंग्रजी असलं तरी.

कन्सल्टंटला काय सांगायचं? त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या (कन्सल्टंटना परवाना देणारी संस्था) रजिस्टरमध्ये शोध, ऑनलाइन आहे, दोन मिनिटं लागतात. नसेल तर पैसे घेऊन सल्ला द्यायचा त्याला अधिकारच नाही. असेल तरी गॅरंटी देणारा माणूस मला चालत नाही, परमिट तो देत नाही, ऑफिसर देतो. तुमची केस साधी दिसतेय, पहिलं लग्न, मुलं नाहीत, रिजेक्शन नाही, दोघांनी दोन रविवार बसून भरली तर होईल. मागे कधी व्हिसा रिजेक्ट झाला असेल आणि मला लिहिलं नसशील तर मात्र वकिलाला एकदा दाखव. आणि काहीही झालं तरी पोर्टलचा लॉगिन तुझ्या ईमेलवर ठेव, कन्सल्टंटच्या नाही.

वाट बघतानाचे दिवस... घरात बसून राहू नकोस एवढंच म्हणेन. सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटरला स्टडी परमिटशिवाय करता येतो, तर फर्स्ट एड सीपीआर करून टाक, डेकेअरवाले ते मागतातच. ओन्टारिओत स्वतःला अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर म्हणवून घ्यायला त्यांच्या कॉलेजकडे (शिकायचं कॉलेज नव्हे, परवाना देणारी संस्था) रजिस्ट्रेशन लागतं, तुझ्या पुण्याच्या कोर्सचे कागद त्यासाठी आत्ताच मागवायला लाग, तिकडच्या ऑफिसातून ट्रान्सक्रिप्ट निघायला किती फेऱ्या लागतात ते तुला मी काय सांगू, बाबांसाठी जाशील तेव्हा ते काम करूनच ये. रजिस्ट्रेशन नसेल तोवर असिस्टंट म्हणून लागता येतं. परमिट आलं की सर्व्हिस कॅनडाच्या सरकारी ऑफिसात जाऊन सिन नंबर (नोकरीला आणि टॅक्सला लागतो तो) काढ, फुकट असतो, ९ ने सुरू होईल आणि परमिटबरोबर संपेल, परमिट वाढलं की तोही वाढवायचा.

आणि ते कार्डाचं. नवरा स्पॉन्सर म्हणून सही करतो तेव्हा तुला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं तुझा खर्च उचलायची सरकारला लेखी हमी देतो. आणि पीआर झाल्यावर दोन वर्षं एकत्र राहिलं नाही तर पीआर काढून घेऊ अशी जी अट होती ती एप्रिल २०१७ मध्येच काढून टाकली, त्यामुळे "आता काय मी ह्याच्या जिवावर" असं मनात येत असेल तर तेवढं तरी कायद्याने नाहीये. पीआर मिळेपर्यंत मात्र तो स्पॉन्सरशिप मागे घेऊ शकतो, हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं, तुझ्या पत्रावरून तसा माणूस वाटत नाही तो. त्याला एकदा बसवून सांग की दर महिन्याला ठरलेले पैसे माझ्या खात्यात टाक, मग मी भाजी आणीन नाहीतर भेळ खाईन, हिशोब मागायचा नाही. जॉइंट खातं आणि तुझ्या नावाचं कार्ड पत्त्याच्या पुराव्याला लागणारच आहे, तर त्याच निमित्ताने ह्या शनिवारी बँकेत जाऊन या दोघं.